शेवटची पाकळी कुठे बसवायची? गोल भांड्यावर नक्षीचे समान भाग पाडण्याची पार्श्वभूमी

गोल भांड्यावर नक्षी काढताना हात चुकतोय हे पहिल्या पाकळीला कळत नाही, शेवटच्या पाकळीला कळतं. लाकडी फळीवर नक्षी कमी-जास्त झाली तर टोकाला थोडी जागा सोडून देता येते. भांड्याला टोकच नसतं. फिरून पहिल्या पाकळीपाशीच यावं लागतं आणि वाटेत झालेल्या सगळ्या चुका तिथे जमा होतात. ६० सेंटिमीटर घेराच्या माठावर बारा फुलं बसवायची म्हणजे एका फुलाला ५० मिलिमीटर. पहिल्या अकरा फुलांत प्रत्येकी एकच मिलिमीटर जास्त गेला तर बाराव्याला उरतात ३९. एक मिलिमीटर कुणाच्या लक्षात येत नाही, पण ते आक्रसलेलं बारावं फूल लांबूनही दिसतं.

यावरचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे अर्धं करणं. समोरासमोर दोन खुणा, त्यांच्या मध्ये दोन, मग आठ, मग सोळा. यात चूक पुढे सरकत नाही, कारण प्रत्येक नवी खूण आधीच्या दोन खुणांमध्येच अडकलेली असते. चुकली तरी तिथल्या तिथे. शिवाय दोन जागा सारख्या आहेत का हे डोळ्याला चटकन कळतं. तीन जागा सारख्या आहेत का हे सांगताना तोच डोळा गडबडतो. इराकमध्ये टायग्रिसच्या काठी सामर्रा इथे पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत एर्न्स्ट हर्झफेल्ड यांनी उत्खनन केलं. तिथल्या सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाडग्यांवर मधल्या बिंदूभोवती गोल फिरणारे मासे, पक्षी, शेळ्या आहेत, आणि अशा रचनांत चाराचा हिशोब पुन्हा पुन्हा दिसतो. ही भांडी हातानं घडवलेली आहेत. वेगानं फिरणारं चाक अजून यायचं होतं.

चाक आलं आणि अर्धा प्रश्न सुटला. आडव्या रेघा फुकट मिळू लागल्या: भिजलेला कुंचला स्थिर धरायचा, भांडं फिरवायचं, रेघ आपोआप स्वतःला येऊन मिळते. उभ्या विभागणीचा प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला. पाकळ्या कुठे बसवायच्या आणि मधली अंतरं किती, हे चाक सांगत नाही.

आपल्याकडची जोर्वे भांडी या नजरेनं पाहण्यासारखी आहेत. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, त्यावरून या भांड्यांना हे नाव पडलं. पुढे घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ अशी दीर्घ उत्खननं झाली आणि साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० हा जोर्वे काळ नीट उलगडला. चाकावर घडवलेली, तांबूस-नारिंगी लेपाची, टिचकी मारली तर खणखणणारी ही भांडी. काळ्या रंगातली नक्षी बहुतेक वरच्या अर्ध्या भागात: आडवे पट्टे, तिरप्या रेघांचे गट, जाळीनं भरलेले शंकरपाळे. नक्षी साधी आहे, पण निवड हुशारीची आहे. रेघांचा गट, मग मोकळी जागा, मग पुन्हा गट अशी मांडणी केली की चूक मोकळ्या जागेत मुरते. सलग साखळीत ती मुरत नाही. ज्याला दिवसाला पाच-पन्नास भांडी रंगवायची आहेत त्यानं अशीच नक्षी धरावी.

नक्षी गळ्या-खांद्यावरच का राहते याचं दुसरं कारण घडणीत आहे. आजही कुंभार माठाचा काठ, गळा आणि खांदा चाकावर काढतो, आणि पोट नंतर आतून गोळा धरून बाहेरून थापीनं ठोकत वाढवतो. ठोकलेलं पोट खऱ्या अर्थानं वर्तुळ नसतं. अशा पोटावर कितीही काटेकोर मोजा, रेघ हलल्यासारखी दिसते.

ग्रीसमध्ये साधारण इ.स.पू. १०५० ते ९०० या काळात भांड्यांच्या खांद्यांवर एकात एक वर्तुळं आणि अर्धवर्तुळं दिसू लागली, इतकी नेमकी की हातानं काढली असतील यावर विश्वास बसू नये. ती हातानं काढलेली नव्हतीच. एका दांडीला ओळीनं कुंचले, दांडीचं एक टोक ओलसर मातीत टेकवलेलं, आणि एका फिरकीत सगळी वर्तुळं. मधोमध टोकाचा बारीक खळगा राहतो, तोच पुरावा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशी हत्यारं बनवून ही वर्तुळं पुन्हा काढूनही दाखवली गेली. ही जोडणी वर्तुळ नेमकं देते. दोन वर्तुळांतलं अंतर नेमकं देत नाही. तिथे पुन्हा डोळाच.

मोजमाप पूर्णपणे टाळून समान अंतर मिळवायची एक रीत आहे आणि तिचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. पुद्दुचेरीजवळ अरिकमेडू इथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी खणलं तेव्हा सपाट बुडाच्या, तकतकीत थाळ्या मिळाल्या. थाळीच्या आत, बुडावर, बारीक टिचक्यांची एकात एक कडी. व्हीलरनी ही भांडी भूमध्य समुद्राकडून आलेली मानली. पुढे डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनानं मातीतली खनिजं तपासली आणि १९९७ मध्ये बंगालच्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागाकडे बोट दाखवलं. या थाळ्या श्रीलंकेपासून बालीपर्यंत पोचल्या होत्या.

त्या टिचक्या कशा पडल्या? एक शक्यता दातेरी चाकाची. ते फिरत्या भांड्यावर दाबलं की दाते उमटत जातात. पण त्यात गणित आडवं येतं. २ सेंटिमीटर व्यासाचं दातेरी चाक एका फेऱ्यात ६.२८ सेंटिमीटर चालतं. भांड्याचा व्यास बरोबर २० असेल तर ते दहा फेऱ्यांत जागेवर येतं, २०.५ असेल तर पाव फेरा उरतो. सगळे दाते एकसारखे असतील तर ओढाताण एका दात्यापुरतीच राहते, पण चाकावर वेलबुट्टी कोरलेली असेल तर सांध्यावर अर्धं पान दुसऱ्या पानावर चढतं.

दुसरी शक्यता जास्त मजेदार आहे: लवचिक पात्याची उडी. भांडं चामड्याइतकं घट्ट झालं की चाकावर परत बसवायचं, फिरवायचं आणि पातळ, स्प्रिंगसारखं पातं जवळजवळ काटकोनात टेकवायचं. पातं मातीत अडकतं, वाकतं, सुटतं, पुढे उडतं, पुन्हा अडकतं. समजा ते सेकंदाला १०० वेळा उडतंय आणि चाक सेकंदाला एक फेरा घेतंय. मग मध्यापासून १० सेंटिमीटरवर दोन खुणांत ६.३ मिलिमीटर अंतर पडेल, ५ सेंटिमीटरवर ३.१. म्हणजे आत सरकताना खुणा आपोआप बारीक होतात, जशा पाकळ्या व्हायला हव्यात. एका फेऱ्यातल्या उड्यांची संख्या सहसा पूर्णांकात येत नाही, त्यामुळे पुढची ओळ आधीच्या ओळीच्या खाचांमध्ये थोडी सरकून पडते आणि पृष्ठभाग विणलेल्या टोपलीसारखा दिसतो. जपानमध्ये ओन्ता आणि कोइशिवारा या गावांत ही रीत आजही चालते. तिथलं पातं पुष्कळदा जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगचं असतं. पांढरा लेप खरवडून खालची गडद माती दिसते. माती ओली असेल तर पातं रुततं आणि सालपट निघतं. फार सुकली असेल तर नुसतं किंचाळतं आणि धूळ पडते. कामाची वेळ थोडीच असते, हवेवर ठरणारी.

आता खरी अडचण: पाच, सात, नऊ. अर्धं करून हे आकडे मिळत नाहीत. सहा सोपे आहेत, कारण त्रिज्येएवढा कंपास उघडून काठावर चालवला की सहा पावलांत वर्तुळ पुरं होतं. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बुझजानी यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर ग्रंथ लिहिला. त्यात सातासाठी चटकन करता येणारी रचना आहे: वर्तुळातल्या समभुज त्रिकोणाची अर्धी बाजू घ्या. ते नेमकं नाही. २४ सेंटिमीटर व्यासाच्या थाळीवर सात पावलं टाकल्यावर दीड मिलिमीटरभर फट उरते. कुंचल्याच्या जाड रेघेखाली ती झाकते, सुईच्या रेघेखाली झाकत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) याचंच कोष्टक आहे. ग्रंथ कुंभारांसाठी नव्हता, पण आकडे थेट वापरता येतात. व्यासाला दिलेल्या संख्येनं गुणा, १,२०,००० नं भागा, बाजू मिळते. त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या संख्या अशा: १०३९२३, ८४८५३, ७०५३४, ६००००, ५२०५५, ४५९२२, ४१०३१. सातासाठीची संख्या श्लोकात ‘बाणेषुनखबाण’ अशी गुंफलेली आहे: बाण पाच, इषु पाच, नखं वीस, बाण पाच, उजवीकडून डावीकडे मांडले की ५२०५५. २४ सेंटिमीटरच्या थाळीला हिशोब येतो १०.४१ सेंटिमीटर. खरं उत्तर थोडं जास्त आहे (५२०५५ ऐवजी ५२०६६ हवं), पण सात पावलांनंतरची चूक ०.२ मिलिमीटरच्या आत राहते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.

थाळी, बशी, परात अशा सपाट कामाला हे कोष्टक आणि एक डिव्हायडर पुरतो. मध्य शोधायला थाळी चाकावर फिरवत पेन्सिलचं टोक टेकवायचं. छोटं वर्तुळ उमटलं तर आत सरकायचं, ठिपका उमटला की मध्य सापडला. फुगीर माठावर मात्र डिव्हायडरचा मोह टाळावा. त्याचं टोक उतारावर घसरतं, आणि प्रत्येक पावलाला बिजागरी केसभर सरकली तरी सात-आठ पावलांत ते दिसतं.

माठाला कागदाची पट्टी. बोटभर रुंद पट्टी भांड्याभोवती गुंडाळायची, जिथे मिळते तिथे नेमकी कापायची, आणि दुमडून भाग पाडायचे. गुंडाळायची जागा महत्त्वाची: पोटाचा सर्वांत फुगलेला घेर किंवा सरळ गळा, जिथे भिंत उभी असते. खांद्याच्या उतारावर सरळ पट्टी बसतच नाही; एक कड ताणते, दुसरी सुटते आणि पट्टी वर चढत जाते. ओल्या मातीवर कागद पाणी पिऊन लांबतो, म्हणून माती घट्ट झाल्यावरच. पाच-सात भागांसाठी जुन्या वर्तमानपत्रावर ८ सेंटिमीटर अंतराच्या समांतर रेघा माराव्यात. ६३ सेंटिमीटरच्या पट्टीचं एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरं आठव्या रेघेवर ठेवलं की पट्टी थोडी तिरपी बसते आणि मधल्या सहा रेघा तिला जिथे छेदतात तिथे सातवे भाग पडतात. वहीच्या रेघांवर हे करू नये. रेघा जवळजवळ असल्यानं पट्टी फार आडवी पडते आणि छेद नेमका कुठे आहे तेच कळत नाही.

पट्टीवरच्या खुणा पोटावरून वर-खाली न्यायला गुण्या पाटावर उभा धरायचा आणि त्याच्या उभ्या कडेच्या रोखानं खुणा करायच्या. साधी शिसपेन्सिल भट्टीत जळून जाते. बॉलपेन वापरू नये, काही शाईंतले रंग भाजल्यावरही डाग ठेवतात. सुईची ओरखड तर पारदर्शक झिलईखाली कायमची दिसते. आकसण्याची काळजी नको: वाळताना आणि भाजताना माती आठ-दहा टक्के आकसली तरी सगळीकडून सारखीच आकसते. घात होतो तो ओलं भांडं दोन्ही हातांनी उचलताना काठ लंबगोल झाला तर. तेव्हा पट्टीनं पाडलेले भाग घेरावर समान असतात, पण मध्यातून पाहिलं तर कोन असमान. काठावरच्या वेलीला पट्टीचं ऐकावं, मध्यातून निघणाऱ्या किरणांना कोनाचं.

सिंध-पंजाबच्या झिलईच्या भांड्यांवर कारागीर नक्षीचा कागद सुईनं टोचून भांड्यावर ठेवत आणि वरून कोळशाची पूड झटकत. ठिपके उमटतात, भट्टीत कोळसा जळून जातो. इथेही कागद एकूण घेराच्या पूर्ण भागाएवढा कापलेला नसेल तर शेवटी तीच रडकथा. चीनमध्ये जिंगदेझेनला कामाची वाटणीच अशी होती की हा गोंधळ एका हातात राहू नये. तिथे राहिलेले जेझुइट पाद्री दांत्रकोल १७१२ च्या पत्रात लिहितात की काठाजवळचं पहिलं रंगीत कडं काढणारा वेगळा, फुलांची रेघ काढणारा वेगळा आणि रंग भरणारा तिसराच.

इंग्लंडमध्ये वेजवुडनी १७६३ च्या सुमारास भांड्यांच्या कामाला नक्षी कापणारं यांत्रिक लेथ आणलं आणि समान अंतर दातेरी चक्रांच्या हवाली झालं. छापील कागदावरून भांड्यावर नक्षी उतरवण्याची पद्धतही त्याच काळातली, पण तिनं जुनी फट परत आणली. काठाची वेल छापील पट्टीतून कापून चिकटवायची, आणि पट्टीची लांबी प्रत्येक कपाच्या घेराशी जुळेलच असं नाही. जुना छापील कप हातात आला तर कान धरून त्याच्या आसपासची वेल पाहावी. अर्धं कापलेलं पान बहुतेक तिथेच कुठेतरी सापडतं.