तिमोर-लेस्तेचे दोन स्वातंत्र्यदिन: २८ नोव्हेंबर आणि २० मे

आग्नेय आशियातला, एके काळी पोर्तुगालची वसाहत असलेला तिमोर-लेस्ते (पूर्व तिमोर) स्वतंत्र कधी झाला? कुणी २८ नोव्हेंबर १९७५ सांगतं, कुणी २० मे २००२. देशात दोन्ही दिवशी सरकारी सुट्टी असते आणि दोन्ही तारखा बरोबर आहेत. घोळ होतो तो सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतल्या ‘२००२ साली इंडोनेशियापासून स्वातंत्र्य’ या ओळीत. तिमोर आपल्यात विलीन करण्याचा १९७६चा निर्णय इंडोनेशियाने ऑक्टोबर १९९९ मध्येच मागे घेतला होता. २००२ साली तिथे राज्य होतं ते संयुक्त राष्ट्रांचं.

पहिली तारीख स्वातंत्र्याच्या घोषणेची. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला आणि पोर्तुगालने वसाहती सोडायचं ठरवलं. तिमोरमध्ये मात्र सत्ता कुणाच्या हाती द्यायची हेच ठरेना. ऑगस्ट १९७५ मध्ये यूडीटी आणि फ्रेटिलिन या पक्षांत यादवी पेटली, तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर राजधानी दिली (Dili) सोडून समोरच्या अताउरो बेटावर गेला. इंडोनेशियाच्या फौजा सीमेवर घुसू लागल्या होत्या. हल्ला व्हायच्या आत आपण देश म्हणून उभं राहावं, निदान जगाकडे दाद तरी मागता येईल, या हिशेबाने फ्रेटिलिनने २८ नोव्हेंबरला एकतर्फी घोषणा केली. फ्रान्सिस्को शावियेर दो आमाराल राष्ट्राध्यक्ष झाले. मोझांबिक, अंगोला अशा मोजक्या देशांनी मान्यता दिली, पोर्तुगालने दिली नाही. नवव्या दिवशी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं.

पुढची चोवीस वर्षं कागद आणि जमीन यांचा मेळ नव्हता. जमिनीवर तिमोर इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी पोर्तुगालच्या प्रशासनाखालचा प्रदेश. गोव्यात याच्या उलट घडलं होतं. तिथे १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, तरी पोर्तुगाल डिसेंबर १९७४ पर्यंत हक्क सोडायला तयार नव्हता. तिमोर त्याने स्वतःहून सोडला, तरी कागदोपत्री तो त्याच्याच नावावर राहिला. या कागदाचा उपयोगही झाला: १९९९चं सार्वमत ज्या करारामुळे झालं, त्यावर इंडोनेशियाबरोबर सही पोर्तुगालची होती.

त्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर ‘स्वातंत्र्य’ हा शब्दच नव्हता. इंडोनेशियाअंतर्गत विशेष स्वायत्तता स्वीकारता की नाकारता, एवढाच प्रश्न होता. नाकारली तर इंडोनेशियापासून वेगळं होणार. ३० ऑगस्ट १९९९ रोजी ७८.५ टक्क्यांनी ती नाकारली. निकालानंतर इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी देश जाळला. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचं बहुराष्ट्रीय सैन्य आलं आणि ऑक्टोबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी सेर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्याकडे संयुक्त राष्ट्रांचं हंगामी प्रशासन सोपवलं गेलं. त्यानंतर ऑगस्ट २००१ मध्ये ८८ जागांच्या घटना समितीची निवडणूक, मार्च २००२ मध्ये राज्यघटना, एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांची निवडणूक. तीत स्वातंत्र्यलढ्याचे नेते शानाना गुस्माँव यांनी हरवलेले उमेदवार १९७५चेच राष्ट्राध्यक्ष, दो आमाराल.

दुसरी तारीख, २० मे २००२, नव्या देशाच्या हाती सत्ता येण्याची. २० मे हा दिवस फ्रेटिलिनच्या पूर्वसुरी पक्षाचा, एएसडीटीचा, स्थापना दिवस (१९७४). घटना समितीत फ्रेटिलिनच्या ५५ जागा होत्या, तेव्हा ही तारीख योगायोगाने आली असं मानणं अवघड आहे.

मात्र तिमोरी लोक २० मेला स्वातंत्र्याची ‘पुनर्स्थापना’ म्हणतात, आणि हा शब्द कायद्याचा आहे. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस म्हणून २८ नोव्हेंबर १९७५ नोंदवलेला आहे. झेंडा आणि राष्ट्रगीत १९७५चंच. मधला काळ म्हणजे बेकायदा कब्जा, ही त्यामागची भूमिका. समुद्रातल्या तेलासाठी ती मोलाची होती. ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाने १९८९ मध्ये तिमोर समुद्रातलं तेल वाटून घेण्याचा करार केला होता. कब्जाच बेकायदा म्हटल्यावर त्या कराराचा वारसा नव्या देशावर येत नाही. म्हणून २० मे २००२ रोजीच ऑस्ट्रेलियाशी नवा करार झाला आणि संयुक्त क्षेत्रातल्या तेलउत्पादनाचा ९० टक्के वाटा तिमोरला मिळाला.

हाच तर्क न्यायालयात मात्र अंगाशी आला. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने ‘आधीपासून लागू असलेले कायदे’ पुढे चालू ठेवले होते. २००३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, कब्जा बेकायदा होता, तर इंडोनेशियाचे कायदेही कधी वैध नव्हते. लागू कायदा पोर्तुगीज. तर्काला धरून होतं, पण नवे न्यायाधीश इंडोनेशियन कायदा शिकून आलेले, आणि खटले त्याच कायद्याने चाललेले. शेवटी संसदेने त्याच वर्षी कायदा करून ‘आधीचे कायदे’ म्हणजे इंडोनेशियाचे, असा खुलासा केला.

लिहिताना एवढं सांभाळावं: पोर्तुगालपासून स्वातंत्र्याची घोषणा १९७५, इंडोनेशियापासून सुटका १९९९, संयुक्त राष्ट्रांकडून सत्ता हाती आली २००२. सप्टेंबर २००२ मध्ये देश संयुक्त राष्ट्रांचा १९१वा सदस्य झाला. वर्षं मोजतानाही दिवस पाहावा लागतो: घोषणेला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली, पुनर्स्थापनेला पंचवीस २०२७ मध्ये होतील.