वात करपते, कारण तेल उशिरा पोचतं

भाच्याचा मेसेज आला तेव्हा मी देवघरात समईची वात पुढे सरकवत होतो. तो मँचेस्टरला असतो. तिथे मोठ्या माणसांना व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढायला मुभा आहे, आणि याला तयार कॉइल (कापसात मुरलेला द्रव तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी) नको असते. तार स्वतः गुंडाळायची, कापूस स्वतः भरायचा. मेसेज असा: "मामा, तिसऱ्याच झुरक्याला कापूस करपतोय. घशात करपलेल्या दुधासारखी चव. इथले म्हणतात हा कापूस बेकार आहे, जपानी ऑरगॅनिक घे."

कापूस बेकार! वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे त्या नागपूरच्या पोराने हे लिहावं? आणि जपानात कापूस जवळजवळ पिकतच नाही. बाहेरून येतो, तिथे स्वच्छ होतो, छान पाकिटात बसतो. पाकिटावर काहीही लिहा, आतला तंतू नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच.

फरक एकाच गोष्टीने पडतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. सरकी काढलेली रुई पाण्यावर टाकून पाहा, बराच वेळ तरंगत राहते. तीच रुई कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढलं की मेडिकलमध्ये मिळतो तो कापूस होतो आणि पाण्यात टाकताच बुडतो. भाच्याचा कापूस धुतलेलाच होता, म्हणजे दोष कापसाकडे नव्हता.

समईत जळतं काय? आपण म्हणतो वात जळते. खरं तर जळते ती तेलाची वाफ. वात फक्त तेल वर आणून देते. तेल संपलं की मग वात खरोखर जळू लागते आणि घरभर तो ओळखीचा वास पसरतो. (समई विझली की अपशकुन म्हणणाऱ्यांनी आधी तेलाची पातळी बघावी. तडतडली तर वातीत किंवा तेलात पाण्याचा अंश आहे, एवढंच.) व्हेपमध्ये ज्योत नसते, तापलेली तार असते. तारेभोवतीचा कापूस ओला आहे तोवर त्याचं तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूपाशी अडकून राहतं. कागदी द्रोणात पाणी उकळता येतं ते याच कारणाने. आता आकडे पाहा. व्हेपच्या द्रवात मुख्यतः दोन पदार्थ: प्रॉपिलिन ग्लायकॉल 188 अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन 290 ला. सेल्युलोज 300 च्या पुढे झपाट्याने विघटित होतं, आणि तपकिरी तर त्याच्या बरंच आधी पडायला लागतं. मोकळीक फारशी नाही. ओलावा क्षणभर जरी तुटला तरी तार लगेच ती रेषा ओलांडते.

म्हणजे प्रश्न पुरवठ्याचा. तार जितका द्रव उडवते तितका कापसातून मागून येतो का?

इथे केशाकर्षण येतं, म्हणजे बारीक फटींतून द्रवाचं आपोआप पुढे सरकणं, आणि इथेच शाळेतलं अर्धवट ज्ञान दगा देतं. आपल्याला शिकवलेलं असतं की केशनळी जितकी बारीक, तितका द्रव उंच चढतो. मग कापूस जितका ठासून भरावा तितकं चांगलं, नाही का? भाच्यानेही नेमकं हेच केलं होतं. पण किती उंच आणि किती वेगाने, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लुकास आणि वॉशबर्न या शास्त्रज्ञांनी, पहिल्याने 1918 मध्ये आणि दुसऱ्याने 1921 मध्ये, या वेगाच्या प्रश्नाचं गणित मांडलं. तंतूंमधली फट निम्मी केली तर द्रवाला खेचणारा दाब दुप्पट होतो, हे खरं. पण अरुंद फटीतून वाहताना होणारा अडथळा चौपट होतो. दुप्पट भागिले चौपट: वेग निम्मा! शिवाय द्रव जितकं अंतर कापून येतो त्या प्रमाणात तो मंदावतो, म्हणून दुप्पट अंतर भिजायला चौपट वेळ लागतो. कॉइलच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी कापसाची शेपटं लांब ठेवली की शिक्षा इथे मिळते. आणि याच सूत्रात सगळ्यात खाली, भागाकारात, बसलेली असते श्यानता, म्हणजे द्रवाचा चिकटदाटपणा.

माझा जीव या श्यानतेवर आहे. पाण्याच्या मानाने ग्लिसरीन 20 अंशांना सुमारे 1400 पट दाट असतं. 10 अंशांना गेलं की त्याच्याही पावणेतीन पट. उलट 40 अंशांवर नेलं तर 20 अंशांच्या मानाने पाचपट पातळ. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही ते 40 वर असतं. मँचेस्टरच्या जानेवारीत, कोटाच्या खिशात, मधासारखं. तोच कापूस, तीच तार, पण पुरवठा कितीतरी मंद.

मी त्याला जळक्या कापसाचा फोटो मागवला. काळा डाग बरोबर मधोमध, दोन्ही शेपटांपासून सगळ्यात लांबच्या जागी, म्हणजे द्रव तिथवर वेळेत पोचत नव्हता. डाग एका कडेला असता तर तारेचे वेढे विषम बसून तिथे जास्त तापत असावेत असं म्हटलं असतं. काळसर थर तारेवरच असता तर द्रवातल्या गोडव्याचा. त्याला लिहिलं: कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडला पाहिजे, पण वेढे वाकता कामा नयेत. शेपटं आखूड काप, विंचरून विरळ कर. भिजल्यावर पाच मिनिटं थांब, वॅट (तारेला मिळणारी विजेची ताकद) उतरव, दोन झुरक्यांत दम धर. करपलेला कापूस फेकून दे. कोळसा झालेलं सेल्युलोज पुन्हा कापूस होत नाही.

आणि "नुसती पाण्याची वाफ" असं काही नसतं, हेही लिहिलं. तो ग्लिसरीनच्या सूक्ष्म थेंबांचा धूर आहे, बहुधा निकोटिनसकट. ग्लिसरीन जास्त तापलं की दोन पाण्याचे रेणू गमावून अ‍ॅक्रोलीन होतं. कढईतलं तेल जळल्यावर डोळ्यांत झोंबतं तेच हे. भारतात तर 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. साठवणूक सोडली तर बाकीच्यांत पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुट्टीत येताना ती डबी तिथेच ठेव, म्हटलं.

नंतर मलाच राहवेना. हिवाळ्यात हातापायांना लावायची ग्लिसरीनची बाटली काढली, त्यात खायचा रंग कालवला, आणि दोन वाती उभ्या केल्या: एक पीळ देऊन घट्ट वळलेली, एक सैल. सैल वात बोटभर रंगली तोवर घट्ट वातीत रंग निम्म्यावरही पोचला नव्हता. बायकोने विचारलं, हे देवघराच्या वातींचं काय चाललंय? मी म्हटलं, मँचेस्टरची तक्रार आहे.

आता बाटली मे महिन्यापर्यंत राखून ठेवली आहे.