बेसूर मूल, शिक्षकाचा कान आणि वर्णनात्मक नोंद

परिपाठाच्या वेळी ज्या मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले जाते, त्याच्या कानात बहुधा काहीही दोष नसतो. स्वरांमधला फरक जन्मतःच न कळण्याच्या अवस्थेला अम्युझिया म्हणतात आणि ती शंभरात फार तर चार जणांमध्ये आढळते. बाकीच्या बहुतेक मुलांना स्वर नीट ऐकू येतो. तोच स्वर गळ्यातून काढण्यासाठी स्वरतंतूंच्या ताणावर जो ताबा लागतो, तो मात्र सरावानेच येतो. म्हणून अशा मुलाला गप्प बसवणे म्हणजे त्याला नेमक्या हव्या असलेल्या गोष्टीपासून तोडणे होय, आणि हे शिक्षकांना प्रशिक्षणातच सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

पुष्कळदा चूक मुलाची नसून पट्टीची असते. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीने काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज (सा) धरतो, तेव्हा त्याच्या गळ्यातून सुमारे 139 हर्ट्‌झचा स्वर निघतो. आठ वर्षांच्या मुलाचे स्वरतंतू आखूड आणि पातळ असल्यामुळे तो स्वर त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. काही मुले आपसूक एक सप्तक वर जाऊन गातात, तर काही खालचा स्वर गाठण्याच्या धडपडीत पुटपुटत राहतात आणि ‘बेसूर’ ठरतात. लहान मुलांना स्त्रीचा किंवा दुसऱ्या मुलाचा आवाज ऐकून स्वर जुळवणे सोपे जाते, असे याविषयीच्या अभ्यासांतूनही दिसले आहे. पुढे सातवी-आठवीच्या सुमारास मुलग्यांच्या स्वरयंत्राचा सांगाडा झपाट्याने वाढतो आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्या काळात फुटणाऱ्या आवाजाला गुण देणे अन्यायाचे असते. तेव्हा ताल, श्रवण आणि वादन यांवर भर द्यावा.

नाशिकला या विषयाचा वारसा आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात येथे रामनाम आधार आश्रम स्थापन करणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गायक घडवण्याबरोबर संगीतशिक्षक घडवण्यासाठी उपदेशक वर्गही चालवला. शिकवणे ही गाण्याहून निराळी विद्या आहे, ही त्यांची जाण आजही आपल्या पुढेच आहे. त्यांच्या परंपरेतून आलेल्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा मात्र आवडीने संगीताकडे वळलेल्या विद्यार्थ्यासाठी आहेत. वर्गातल्या प्रत्येक मुलाला संगीत मिळायचे असेल, तर मोजमाप वेगळे हवे.

ते मोजमाप आपल्याकडे तत्त्वतः आहे. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवतानाच वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनात, कलेसाठी वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या असतात. पण ‘गायनाची आवड आहे’ या नोंदीवरून पुढच्या महिन्यात काय शिकवायचे ते कळत नाही. सप्तकाचे 1200 सेंट मानले, तर हार्मोनियमवरच्या लगतच्या दोन स्वरांत 100 सेंटचे अंतर येते. समजा, जूनमध्ये एखादी मुलगी पंचमाला दीडशे सेंट खाली होती आणि दिवाळीनंतर चाळीसवर आली, तर तिचा पंचम अजून कच्चा असला तरी तिची प्रगती मोठी आहे. मोबाइलवरच्या साध्या ट्यूनरने हे दिसते. तरीही आकडा मुलांना सांगू नये. तो शिक्षकाच्या कानाला वळण लावण्यासाठी आहे.

कारण खरा प्रश्न कानाचाच आहे. गोड आवाजाच्या मुलाला तालातही जास्त गुण दिले जातात, आणि हा पक्षपात परीक्षकाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय असा, की प्रशिक्षणात सर्व शिक्षकांनी मुलांची तीच ती ध्वनिमुद्रणे ऐकून स्वर, लय आणि स्मरण यांचे गुण स्वतंत्रपणे लिहावेत व मग ताडून पाहावेत. जिथे दोन शिक्षकांचे गुण फार वेगळे पडतात, तिथे निकषाची भाषा सैल आहे किंवा कान तयार नाही, आणि दोन्ही सुधारता येतात. मूल्यमापनाचा असा सराव हेच उत्तम प्रशिक्षण ठरते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला त्यासाठी मोठा खर्चही येणार नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या शाळांत यात एक दुरुस्ती करावी लागेल. भोपळा आणि बांबूपासून हाताने घडवलेल्या पावरी या फुंकवाद्याचे स्वर छिद्रांच्या जागेवर ठरतात, ते हार्मोनियमच्या स्वरांशी जुळतीलच असे नाही. तिच्या साथीने वाढलेल्या मुलाला हार्मोनियमच्या मापाने कमी गुण देणे शास्त्रालाही धरून नाही. तिथे षड्ज पावरीवरून घ्यावा आणि लयीचे निकष बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या पारंपरिक उत्सवात, संबळ वाजवणाऱ्या गावच्या कलावंताला सोबत बसवून ठरवावेत. स्थानिक कलावंतांना शाळेत मार्गदर्शक म्हणून बोलावण्याची मुभा 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दिलेलीच आहे.