पेट स्कॅनच्या दिवशी चहा नको: लकव्यानंतरच्या दुखण्याचे पेशंट आणि घरच्यांसाठी

लकवा येऊन गेला, हात थोडाफार हलू लागला आणि काही महिन्यांनी त्याच बाजूची आग आग सुरू झाली. चादर घासली तरी सोसत नाही, गार पाणी चटक्यासारखं लागतं. असे पेशंट न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे पेट स्कॅनला येतात आणि घरच्यांचा प्रश्न ठरलेला: एमआरआय झालाय की, मग हा कशाला?

एमआरआयमध्ये इजा कुठे झाली ते दिसतं, पेटमध्ये मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतोय ते. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. थॅलॅमसला (स्पर्श-वेदनेचे निरोप पुढे पाठवणारा मेंदूच्या आतला भाग) झटका बसला असेल तर तो भाग बऱ्याचदा फिकट दिसतो. (देजरीन आणि रुसी यांनी १९०६ साली या दुखण्याचं वर्णन केलं, ते थॅलॅमसवरूनच.) दुखणं मात्र फोटोत उमटत नाही. ते पेशंटनेच सांगायचं, निदान डॉक्टरांनी करायचं. सगळ्यांना हा स्कॅन लागतोही असं नाही, म्हणून चिठ्ठीशिवाय आम्ही करत नाही.

आता चहा. मालेगाव, कळवणहून पहाटे निघालेला माणूस नाशिकच्या द्वारका चौकात उतरून अर्धा कप घेतोच. "बिस्कीट नाही खाल्लं हो!" पण स्कॅनसाठी देतो त्या इंजेक्शनमधलं औषध म्हणजे साखरेचाच भाऊबंद. रक्तात आधीच साखर वाढलेली असली की दोघांची एकाच दारात रेटारेटी होते, औषध मेंदूत कमी शिरतं आणि चित्र धूसर येतं. म्हणून स्कॅनआधी ६ तास फक्त साधं पाणी. खडीसाखर, द्राक्षं, प्रसादसुद्धा नको.

स्कॅन रद्द झाला तरी इंजेक्शनच्या डोसचे पैसे परत का देत नाही, यावरून वाद होतात. डोस सकाळी मुंबईहून कसारा घाट चढून येतो आणि त्याची किरणोत्सारी ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. उद्यासाठी झाकून ठेवता येत नाही. म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी फोन करतो. तो उचला, एवढंच.

इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास मंद उजेडाच्या खोलीत गप्प पडून राहायचं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत. आणि मायेने दुखरा हात चोळू नका. त्या स्पर्शानेही मेंदू कामाला लागतो.

मधुमेह असेल तर तारीख घेतानाच सांगा. इन्सुलिन किंवा दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, यादी आणा. एमआरआयची सीडीही आणा, नुसता रिपोर्ट नको: दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून बघायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.