सुतारानं मारलेली लाइन

बैठकीतलं जुनं फडताळ वाळवीनं खाल्लं, म्हणून नवं करायला मागच्या महिन्यात बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सुतारकाका आले होते. प्लायचा मोठा तक्ता जमिनीवर अंथरला, खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, दोरा निळीच्या भुकटीत बुडवला आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, "पहेलां लाइन मारी लउं?" माझी अकरावीतली भाची कोपऱ्यात बसली होती. ती जी फिस्सकन हसली, ती थांबेचना. सुतारकाकांना कळेना काय झालं. मला कळलं होतं, पण मामानं अशा वेळी गंभीर राहायचं असतं.

त्याच तासाभरात हा शब्द मी आणखी किती वेळा ऐकला असेन! आई आत फोनवर कुणाला तरी सांगत होती, "लाइनमध्ये खरखर आहे गं, मागाहून करते." वहिनी म्हणाली, गॅसची लाइन तपासायला माणूस येणार आहे. शेजारचे काका झोपाळ्यावर बसून भाचीला नेहमीचा प्रश्न विचारून गेले, "बारावी पछी कई लाइन?" हा गुजरातीचा खास अर्थ. लाइन म्हणजे धंदा, पेशा, शिक्षणाची शाखा. कुणी सायन्स लाइनला, कुणी कापडाच्या लाइनीत. बडोद्याच्या मराठीतही तो इतका मुरलाय की पुण्याचे पाहुणे "कुठल्या लाइनला आहे मुलगा?" ऐकून चक्रावतात.

एक इंग्रजी शब्द, आणि एका घरात, एका सकाळी, पाच अर्थ. पण मला त्यातला सुताराचा अर्थ धरून ठेवायचा आहे, कारण शब्दाचं मूळ तिथेच आहे.

दोऱ्याचं एक टोक त्यांनी खिळ्याला अडकवलं, दुसरं ताणून धरलं, मधोमध चिमटीत उचलून सोडलं. टप्प. फिकट प्लायवर निळी रेघ उमटली, सुरीनं ओढावी तशी सरळ, कडेला भुकटीचा किंचित धुरळा. लॅटिनमध्ये 'लिनिआ' म्हणायचे ते यालाच: ताणलेला दोरा आणि त्याची पडलेली खूण. आणि लिनिआ आला 'लिनम'वरून. लिनम म्हणजे जवस. आपल्याकडे जवसाची चटणी करतात, इथे गुजरातेत भाजलेली अळशी मुखवासात घालतात. युरोपात याच झाडाच्या खोडातून धागा काढत आले. जॉर्जिया देशातल्या झुडझुआना गुहेत जवसाचे वळलेले तंतू सापडले, ते सुमारे 30,000 वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी माणूस रानजवसाची दोरी वळत होता.

या जवसाचा गोतावळा इंग्रजीत मोठा आहे. लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. कोटाला आतून ते कापड लावत, म्हणून अस्तराला लायनिंग. जवसाचं तेल आटवून जमिनीवर अंथरायचं मेणकापड केलं, ते लिनोलियम. लॉन्जरी हा नाजूक शब्दसुद्धा फ्रेंचमधून आलेला, याच झाडाचा. 'लाइन' हे त्याच घरातलं सगळ्यात उनाड पोर.

दोऱ्याची जाडी मनातून काढून टाकली की भूमिती सुरू होते. युक्लिडनं रेषेची व्याख्या केली ती रुंदी नसलेली लांबी अशी. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्याचं शास्त्र शुल्बसूत्रांत आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरी. 'सूत्र' म्हणजे तर धागाच. मग लक्षात येतं की लॅटिननं जवसाच्या दोऱ्याचं जे केलं, तेच आपण कापसाच्या सुताचं केलं. सुतासारखा सरळ, सूत जुळलं, मंगळसूत्र, रासायनिक सूत्र, गुणसूत्र, सूत्रसंचालन. वर्तमानपत्रातली 'सूत्रांनी सांगितले' म्हणणारी ती न दिसणारी मंडळी. आणि हातात सूत धरतो तो सूत्रधार. सुतार हा शब्दही त्याच्यापासूनच झालेला. नाटकातला सूत्रधार आणि आमचे निळे हात झालेले सुतारकाका, शब्दाच्या नात्यानं सख्खे भाऊ.

एका शब्दातून असे अर्थ फुटतात कसे? मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं 1897 साली या प्रकाराला 'पॉलिसेमी' हे नाव दिलं, मराठीत अनेकार्थता. पण गोष्ट आपल्या पूर्वजांना आधीपासून ठाऊक होती. अमरकोशात नानार्थवर्ग म्हणून स्वतंत्र भागच आहे, आणि मूळ अर्थावरून जवळच्या अर्थावर घेतलेल्या उडीला आपले शास्त्रकार लक्षणा म्हणतात. लाइनच्या उड्या मोजायच्या तर: दोऱ्याची खूण म्हणून रेघ, रेघेत उभे राहिले म्हणून रांग, जमिनीवर लांबच लांब गेली म्हणून रेल्वे, तार ताणली म्हणून टेलिफोन, तारेसारखाच लांब म्हणून गॅसचा पाइप, वाट ठरली म्हणून धंदा. प्रत्येक उडी वीतभराची. पहिल्या आणि शेवटच्या अर्थात मात्र मैलांचं अंतर.

रेल्वेच्या अर्थाला बडोद्यात वजन आहे. 1862 साली गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, भारतातली पहिली नॅरोगेज, आणि सुरुवातीला ती ओढायला इंजिन नव्हे, बैल होते! रुळांवर बैल ही कल्पनाच मला अजून मोहवते. 'लाइन क्लिअर' हे आपण आज वडील घरी नाहीत या अर्थानंही वापरतो, ते मूळ रेल्वेचं: एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनानं मार्ग मोकळा असल्याचं कळवल्याशिवाय मागच्या स्टेशनमास्तरानं गाडी सोडायची नाही. 'डेडलाइन'चा जन्म मात्र भीषण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत तिचा आजचा अर्थ रुळला. (हा लेख मी तीन दिवस उशिरा देतोय, आणि अजून जिवंत आहे.)

आता भाचीच्या हसण्याकडे वळू. समोर प्लाय, निळीची भुकटी, साठीचे सुतारकाका. प्रसंगात दुसऱ्या अर्थाला तिळमात्र जागा नव्हती. तरी तो तिच्या डोक्यात उगवलाच कसा?

डेव्हिड स्विनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1979 मध्ये याचं उत्तर देणारा सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या कानाला हेडफोन लावून त्यांना वाक्यं ऐकवली. त्यात 'बग' हा शब्द यायचा. त्याचा एक अर्थ किडा, दुसरा चोरून ऐकायचं यंत्र. कोळी, झुरळं असा संदर्भ देऊन किड्याचाच अर्थ आधी पक्का करून ठेवलेला. शब्द कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर अक्षरं झळकायची, आणि हा खरा शब्द आहे की नाही ते बटण दाबून सांगायचं. 'मुंगी' हा शब्द लोकांनी झटकन ओळखला, यात नवल नाही. पण 'हेर' हा शब्दही तितक्याच झटकन ओळखला! म्हणजे त्या क्षणी डोक्यात दोन्ही अर्थ जागे झाले होते. तीन अक्षरं पुढे गेल्यावर हीच चाचणी घेतली, तेव्हा हेराची चपळाई संपलेली होती. नको असलेला अर्थ तोवर विझला होता.

हे सगळं सेकंदापेक्षा कमी वेळात होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. शब्द ऐकला की मेंदू कपाटाचे सगळे खण एकदम उघडतो आणि नको ते आवाज न करता बंद करतो. एखादा खण नीट लागला नाही की आपण हसतो. शाब्दिक कोट्यांचा सगळा व्यापार या अर्धवट उघड्या खणावर चालतो, असं माझं मत आहे.

अर्थांची गर्दी डोक्याला जड होत असेल असं वाटतं. तिथे जरा थांबावं लागतं. मानसशास्त्रज्ञ जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की गर्दी दोन प्रकारची असते. मराठीत बघा: झाडाचं पान, वहीचं पान, खायचं पान, पंगतीतलं पान. हे सगळे एकमेकांचे नातेवाईक. उलट ती माळ गळ्यातली आणि तो माळ गुरं चरायचा; त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. रॉड यांचे शब्द इंग्रजी होते, पण निष्कर्ष असा: असंबद्ध अर्थ असलेला शब्द ओळखायला वेळ लागतो, आणि नात्यातले अर्थ पुष्कळ असतील तर शब्द उलट लवकर ओळखू येतो. लाइन, पान, सूत्र हे शब्द डोक्याला ओझं होत नाहीत ते यामुळे.

जास्त वापरातल्या शब्दांना जास्त अर्थ असतात, हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफनं 1945 मध्ये आकड्यांत मांडलं: अर्थांची संख्या साधारण वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. शंभरपट वापरला जाणारा शब्द, तर अर्थ सुमारे दहापट. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक नव्या आवृत्तीसाठी 'रन' या क्रियापदाला बसले, तेव्हा त्याचे 645 अर्थ भरले. यात भाषेचा ढिसाळपणा नाही, काटकसर आहे. संदर्भ बरंच काही आधीच सांगून टाकतो, मग प्रत्येक अर्थाला नवा लांबलचक शब्द कोण घडवणार? छोटे, तोंडी बसलेले शब्दच पुन्हा पुन्हा कामाला जुंपायचे. 2012 मध्ये पियांटाडोसी, टिली आणि गिब्सन या संशोधकांनी नेमका हाच युक्तिवाद केला.

यंत्रांना हे जमत नव्हतं. 1960 मध्ये येहोशुआ बार-हिलेल या इस्रायली तत्त्वज्ञांनी एक साधं वाक्य पुढे केलं: पेटी 'पेन'मध्ये होती. इंग्रजीत पेन म्हणजे लेखणी, आणि लहान मुलाला खेळायला ठेवतात ते कुंपणही. लेखणीत पेटी मावत नाही हे पोरालाही कळतं, यंत्राला कुठून कळणार, म्हणून उत्तम यांत्रिक भाषांतर अशक्य, असं त्यांचं म्हणणं. संगणकाला शब्दांचे अर्थ शिकवण्याची 2013 च्या सुमाराची गाजलेली पद्धतसुद्धा प्रत्येक शब्दाला आकड्यांचा एकच पत्ता द्यायची. रेल्वेची लाइन आणि भाचीला हसवणारी लाइन एकाच पत्त्यावर राहायच्या. 2018 पासून रूढ झालेली मॉडेलं आजूबाजूचे शब्द बघून दर वेळी नवा पत्ता काढतात.

आजूबाजूचे शब्द बघायचे, ही युक्ती जुनीच. संस्कृतातलं ठरलेलं उदाहरण आहे: 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे मीठही आणि सिंध देशचा घोडाही. मालक जेवायला बसला असेल तर मीठ न्यायचं, बाहेर निघाला असेल तर घोडा. व्याकरणकार भर्तृहरीनं अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली, त्यात प्रकरण म्हणजे प्रसंग आहे, विरोध आहे, साहचर्य म्हणजे सोबतही आहे. 1957 मध्ये इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी सांगितलं की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, आणि आजची यंत्रं घडवणारे त्यांचं नाव घेतात. मला त्या संगतीत साहचर्यच ऐकू येतं.

इथे राज्यकारभार चालवताना ही अडचण रोजची असणार. 1931 साली बडोदा संस्थानानं श्रीसयाजीशासनकल्पतरु हा कोश छापला, कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत आणि आणखी काही भाषांतले प्रतिशब्द देणारा. सयाजीरावांच्या कारकुनांना एका इंग्रजी शब्दासमोर किती वेळा पेन चावावा लागला असेल, कोण जाणे. चावायचा पेन म्हणजे लेखणी, कुंपण नव्हे.

दुपारी फडताळाची चौकट भिंतीच्या खाचेत बसेना. सुतारकाका टेप लावून म्हणाले, "दोन सूत आत घ्यायला पाहिजे." मराठी घरांत कामं करून त्यांची मराठी माझ्यापेक्षा बरी आहे. भाचीनं विचारलं, सूत म्हणजे किती? इंचाचा आठवा भाग, ते म्हणाले, म्हणजे दोन सूत पाव इंच. मग तिला रिळाचं टोक धरायला दिलं. पुन्हा निळी रेघ मारली, पहिलीच्या पाव इंच अलीकडे. या वेळी ती हसली नाही, दोरा घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी होती.