बिग बर्था (४२ सेंटिमीटर हॉवित्झर)

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने वापरलेली जड हॉवित्झर. एस्सेनच्या क्रुप कारखान्यात बनली, कारखान्यातलं नाव एम-गेरेट. हॉवित्झरचा गोळा उंच चढून वरून कोसळतो, आपल्याकडच्या उखळी तोफेसारखा, आणि काँक्रीटच्या किल्ल्याचं छप्पर फोडायला तेच लागतं.

नावाबद्दल खूप गोंधळ आहे. क्रुपची मालकीण बर्था क्रुप, १९०२ मध्ये वडील गेल्यावर कारखाना तिच्याकडे आला, तिच्यावरून सैनिकांनी 'डिके बर्था' म्हणायला सुरुवात केली असं बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं आणि ते पटतंही. 'डिके' म्हणजे जाडी, लठ्ठ. इंग्रजीत 'बिग' झाल्यावर ती मजा गेली. पुढे दोस्त सैन्यात कुठल्याही मोठ्या जर्मन तोफेला बर्था म्हणायला लागले, त्यामुळे १९१८ मध्ये सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर मारा करणाऱ्या तोफेलाही हेच नाव चिकटलं. ते साफ चूक आहे. ती २१ सेंटिमीटरची लांब नळीची तोफ, आणि बर्थाचा पल्ला जेमतेम ९ किलोमीटर.

आधीची 'गामा' हॉवित्झर याच कॅलिबरची (म्हणजे नळीच्या तोंडाचा व्यास तेवढाच), पण वजन साधारण १५० टन, रेल्वेशिवाय हलायची नाही आणि पाया खणून बसवायला लागायची. रस्त्याने नेता येईल अशी हवी म्हणून चाकांवरची बर्था केली, सुमारे ४२ टनांची, सुटे भाग करून ट्रॅक्टरने ओढायचे आणि जागेवर जोडायचे. गोळा ८०० किलोच्या आसपास. ऑगस्ट १९१४ मध्ये अशा फक्त दोनच तयार होत्या.

त्या दोन्ही बेल्जियममधल्या लिएज शहराभोवतीचे किल्ले फोडायला गेल्या. १२ ऑगस्टला पाँतिस किल्ल्यावर मारा सुरू झाला, दुसऱ्या दिवशी तो पडला. १५ ऑगस्टला लाँसँ किल्ल्याच्या दारूकोठारात गोळा घुसला आणि किल्लाच उडाला, साडेतीनशेच्या आसपास सैनिक गेले, लिएजचे बेल्जियन सेनापती जनरल लमान ढिगाऱ्यात बेशुद्ध सापडले. बरेच मृतदेह आजही त्या काँक्रीटखालीच आहेत, ती जागा दफनभूमी म्हणून जपलीय. तिथे तोफांवरचे उलथलेले पोलादी घुमट आहेत तसेच पडलेत.

लिएजचं सगळं श्रेय बर्थाला देणारे बरेच आहेत, पण ते जरा जास्त होतं. बेल्जियन लष्करी अभियंता ब्रियालमाँने १८८८ नंतर बांधलेल्या या किल्ल्यांच्या काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या, हवा खेळायची सोय वाईट होती, शहराकडची बाजू कच्ची होती आणि शहर तर ७ ऑगस्टलाच पडलेलं. २१ सेंटिमीटरच्या हॉवित्झरांनीही (पॅरिसवाली तोफ वेगळी) बरंच काम केलं. दोन्ही मिळून झालं असं मानणं जास्त बरोबर वाटतं.

पुढे बेल्जियमचं नामुर, फ्रान्सचं मोबज, बेल्जियमचंच अँटवर्प, १९१५ मध्ये पूर्वेकडे रशियाचे किल्ले. १९१६ ला फ्रान्समधल्या व्हर्दनला मात्र डाळ शिजली नाही, तिथले सुधारलेले किल्ले सळयांच्या काँक्रीटचे होते, वर गोळा नळीतच फुटून तोफाही गेल्या. युद्धानंतर एक अमेरिकेत नेली होती, नंतर तीही भंगारात गेली.