परीक्षेच्या दिवसांत जखम उशिरा का भरते?

ताण हा निव्वळ मनाचा खेळ आहे, असे समजून आपण समोरच्याला “फार विचार करू नकोस” एवढेच सांगतो आणि मोकळे होतो. हा समज मला घातक वाटतो, कारण ताणाचा परिणाम मिलिमीटरमध्ये मोजता येतो.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटर व्यासाची छोटी जखम दोनदा करण्यात आली: एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेला तीन दिवस उरले असताना. तोंड तेच, जखमेचा आकारही तोच. तरीही परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के, जास्त लागले. सुट्टीतल्या वेगाने ती एकाचीही भरली नाही. त्याआधी, १९९५ साली, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावरील जखमा इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे नऊ दिवस उशिरा भरल्याचे याच गटाला आढळले होते.

असे का होते? कुठे खरचटले की भोवतालची त्वचा लाल होते, थोडी सुजते. ही सूज म्हणजे दुरुस्तीची सुरुवात असते, कारण तिथून सुटणारे रासायनिक संदेश रक्तातील पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावून घेतात. ताणाच्या वेळी मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. ते रक्तातील साखर वाढवते आणि हेच संदेश दाबून टाकते. अंगावर बैल धावून आला तर ही व्यवस्था जीव वाचवते, पण महिनोन् महिने चालू राहिली तर दुरुस्ती रखडते, झोप उडते, रक्तदाब वाढतो.

आता डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची बोटे ठेवून नाडी पाहा आणि सावकाश श्वास सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना संथ होतात. तरुण वयात हा फरक सहज जाणवतो. श्वास सोडताना व्हेगस ही चेता हृदयाला आवर घालते, म्हणून दीर्घ उच्छ्वासाने शरीर निवते. एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास घेणाऱ्या माणसाने ते सहावर आणून रोज दहा मिनिटे तसे बसून पाहावे. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना करून योगक्रियांचे प्रयोगशाळेत मोजमाप सुरू केले, त्याला १९२४ पासून शंभर वर्षे होऊन गेली आहेत.

मात्र अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी रात्री तीनदा उठणाऱ्या सुनेला केवळ प्राणायाम सुचवणे मला अन्यायाचे वाटते. तिला आधी सलग झोप हवी असते, आणि घरातले दुसरे कुणी पाळी घेऊन जागल्याशिवाय ती तिला मिळत नाही.